टायर बदलले, तरी घरघर जाईना: मागच्या चाकाचा हब आणि बेरिंग समजून घेताना

गेल्या हिवाळ्यात शिर्डीहून समृद्धी महामार्गाने नागपूरला परतताना आमच्या गाडीच्या मागच्या बाजूने एक आवाज सुरू झाला. खडखड नाही, चूंचूं नाही. रस्त्यावरच्या डीपीजवळ, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळ, उभं राहिलं की जशी घूंऽऽ ऐकू येते, तशी. साठच्या खाली काहीच नाही, ऐंशीला स्पष्ट, शंभरला गाण्याचा आवाज वाढवावा लागे. टायर जुने होतेच. टायरच्या दुकानातही तेच सांगितलं, मीही मान डोलावली आणि मागचे दोन नवे टायर घालून घेतले. आवाज होता तिथेच.

मग हिंगणा रोडवरच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने गाडी चालवूनही पाहिली नाही. मागचं डावं चाक जॅकवर उचललं, हाताने जोरात फिरवलं आणि मला म्हणाला, "सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोट ठेवा." पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यासारखी बारीक थरथर बोटाला लागली. उजव्या बाजूला तीच स्प्रिंग मुकी. "टायर काहून बदलले साहेब? बेरिंग आवाज करून राहिली ना!"

बिलावर मात्र 'हब बेरिंग असेंब्ली' असं लिहून आलं आणि आकडा माझ्या अंदाजाच्या तिप्पट. बेरिंग खराब झाली तर अख्खा हब कशाला? हा प्रश्न मी विचारला, आणि मी एकटाच नाही. पावसाळा संपला की शहरातल्या गॅरेजांत हाच संवाद रोज होतो.

चाक फिरतं कशावर?

तान्हा पोळ्याचा लाकडी बैल आठवा. त्याची चाकं खिळ्यावर किंवा सळईवर नुसती ओवलेली असतात. पोरगं गल्लीभर ओढत नेतं तेव्हा लाकूड लोखंडावर घासतं आणि चाक कुरकुरतं. खऱ्या बंडीतही तत्त्व तेच, म्हणून तर बंडीला वंगणाचं नळकांडं लटकवलेलं असायचं. घासणं टळत नाही, फक्त गुळगुळीत होतं.

बेरिंगने घासण्याच्या जागी घरंगळणं आणलं. फरशीवर जड कपाट ढकलून पाहा आणि मग त्याच कपाटाखाली चार पाइपाचे तुकडे घालून ढकला, फरक हाताला कळेल. बेरिंग म्हणजे पोलादाच्या दोन कड्या, एकात एक. दोघींच्या मधे पोलादी गोळ्या. गोळ्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांना अंतरावर धरणारा पिंजरा, आत ग्रीस, आणि ग्रीस बाहेर जाऊ नये व पाणी आत येऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना रबराची सील. एक कडी गाडीला धरून स्थिर, दुसरी चाकाबरोबर फिरते.

आणि हब? बंडीच्या चाकात आरे ज्या मधल्या लाकडात बसतात तो तुंबा म्हणजेच गाडीच्या चाकाचा हब. चाकाचे चार किंवा पाच नट ज्या गोल थाळीवर आवळले जातात ती थाळी हबचीच. हब बेरिंगवर फिरतो, बेरिंग गाडीच्या सांगाड्याला धरून असते, आणि गाडीचं, घरच्यांचं, डिक्कीतल्या संत्र्याच्या पेट्यांचं सगळं वजन त्या गोळ्यांवरून रस्त्यावर उतरतं.

आता थोडा हिशोब. 165/80 आर 14 मापाचा टायर एका फेरीत साधारण 1.95 मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला पाचशेच्या वर फेऱ्या. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर. एवढ्यात प्रत्येक चाक साडेतीन लाखांहून जास्त वेळा फिरतं. गाडी लाखभर किलोमीटर चालली की पाच कोटी फेऱ्या. माणसांसकट बाराशे किलोची गाडी धरली तर एका चाकाच्या वाट्याला तीनशे किलो, आणि त्यात गोळी कडीला टेकते ती जागा ज्वारीच्या दाण्याएवढीही नसते. इतक्या लहान जागेवर इतका भार सोसायचा म्हणून ह्या गोळ्या विलक्षण काटेकोर घासलेल्या असतात. चांगल्या बेरिंगमधल्या दोन गोळ्यांच्या व्यासातला फरक एका मायक्रॉनहूनही कमी असतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. गोळ्या अशा एकसारख्या घासायचं यंत्र 1883 मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिख फिशरने बनवलं, तिथून हा धंदा वाढला. आज भारतीय गाड्यांत दिसणाऱ्या बेरिंगांपैकी एनबीसीच्या जयपूरला बनतात, एसकेएफचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडला आहे.

एवढ्या पक्क्या वस्तूला होतं काय?

नुसतं चालून चालून पोलादही थकतं. पण बहुतेक बेरिंगा म्हाताऱ्या होऊन मरत नाहीत. त्यांना मारतात पाणी, खड्डे आणि हातोडा.

पाण्याचं बघा. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली जुलैत पाणी साचणं हे नागपूरकरांना नवं नाही. तासभर चालून तापलेलं चाक अशा पाण्यात शिरलं की हब एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. गरम बाटलीचं झाकण लावून ती गार पाण्यात धरली तर बाटली चिपते, तोच प्रकार. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. त्यात पाणी मिसळलं की त्याचं ताक होतं आणि तेलाचा पातळ थर तुटतो. मग पोलाद पोलादाला भिडतं, गंज धरतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या, तेव्हा लोकांनी इंजिन आणि सीटा पाहिल्या. ते बरोबरच. पण चिखलाच्या पाण्यात तासन्‌तास उभ्या राहिलेल्या गाडीची बेरिंग लगेच ओरडत नाही. ती काही महिन्यांनी बोलते, आणि तोवर त्या रात्रीशी तिचा संबंध कुणाच्या ध्यानात राहत नाही.

खड्ड्यात चाक आदळलं की गोळी कडीवर एवढ्या जोरात दाबली जाते की तिथे सूक्ष्म खळगी पडते. डोळ्यांना दिसेलच असं नाही. ऐंशीच्या वेगाने चाक सेकंदाला अकराएक फेऱ्या मारतं आणि दर फेरीत पाचसहा गोळ्या त्या खळगीवरून जातात. सेकंदाला पन्नाससाठ बारीक ठोके. कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची एक सलग घूंऽऽ होते. मला डीपी का आठवला याचं उत्तर इथे आहे, त्याची गुणगुणही अशाच खालच्या पट्टीतली.

एक भर मी आपल्या तरुण मंडळींसाठी घालतो. बाहेर निघालेली रुंद ॲलॉय चाकं आणि स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या, लावल्या की वजनाची रेषा बेरिंगच्या मध्यावरून सरकते. घागर छातीशी धरणं आणि हात लांब करून धरणं, तेवढा फरक. आणि गोळ्यांच्या बेरिंगचं गणित निर्दय आहे. भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा उरतं.

हातोड्याचं पुढे सांगतो.

आवाज टायरचा की बेरिंगचा?

नागपुरात हे ओळखणं अवघड जातं, कारण आपल्या सिमेंट रोडवर नवा टायरही गुणगुणतो. पण तीच गोष्ट कामीही येते. सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरी पट्ट्यावर आलात आणि आवाजाचा पोत बदलला तर संशय टायरवर. रस्ता बदलूनही सूर तोच राहिला तर बेरिंग. त्याच वेगात क्षणभर क्लच दाबून पाहा. इंजिनाचे फेरे उतरले तरी घरघर तशीच, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स निर्दोष, आवाज चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे.

मग बाजू ओळखायची. वळताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर झुकतं. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे मोठ्या गोल चौकाला वळसा घालताना गाडी उजवीकडे वळत राहते आणि भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला तर डावी बेरिंग, दबला तर बहुधा उजवी. 'बहुधा' म्हटलं, कारण गाडीच्या पोकळीत आवाज फिरतो आणि मागचा पुढून आल्यासारखाही वाटतो. शेवटचा निवाडा चाक उचलूनच होतो. स्प्रिंगवर बोट ठेवून थरथर बघायची, आणि चाकाला वर-खाली धरून हलवून पाहायचं. हाताला टकटक जाणवली तर बेरिंग आवाजाची पायरी ओलांडून पुढे गेलेली आहे.

माझा खुळेपणा असा की ह्यातली एकही तपासणी न करता मी दोन टायरांचे पैसे मोजले.

बेरिंग खराब, मग हब कशाला बदलायचा?

कारण तुमच्या गाडीत ह्या दोन वस्तू वेगळ्या उरल्या आहेत की नाहीत, त्यावर ते ठरतं.

काही गाड्यांत बेरिंग सुटी असते. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर मागच्या ब्रेकचा ड्रमच, म्हणजे ब्रेक ज्याला आतून धरतो तो गोल डबाच, हबचं काम करतो आणि बेरिंग त्याच्या पोटात दाबून बसवलेली असते. जुनी प्रेसवर दाबून काढायची, नवी दाबून बसवायची. वस्तू स्वस्त, मजुरी जास्त. काही गाड्यांत हब आणि बेरिंग कारखान्यातूनच एकजीव होऊन येतात, ते जोडपं स्पिंडलवर, म्हणजे सस्पेन्शनमधून बाहेर आलेल्या जाड खुंट्यावर, सरकवायचं आणि एका मोठ्या नटने आवळायचं. तिसऱ्या प्रकारात हे एकजीव जोडपं मागून चार बोल्टांनी पकडलेलं असतं. माझी गाडी ह्यातली. त्यातली बेरिंग वेगळी काढायचीच नसते, कडीची एक बाजू म्हणजेच हबचं पोट असतं. पाणीपुरीच्या पुरीतून फक्त आतली बाजू बदला म्हणण्यासारखं आहे ते.

कंपन्यांनी हे विकायला सोपं जावं म्हणून केलं का? थोडंफार तसंही असेल. पण एक खरं कारण मी मेकॅनिककडे उभा राहून पाहिलं आहे, ते म्हणजे हातोडा. सुटी बेरिंग बसवताना जी कडी घट्ट बसायची आहे तिच्यावरच दाब द्यायचा असतो. ड्रममध्ये बसवताना बाहेरच्या कडीवर. घाईत कुणी आतल्या कडीवर दाब दिला किंवा लाकडाचा ठोकळा ठेवून हातोड्याने ठोकली, की तो सगळा दणका गोळ्यांमधून जातो आणि नव्याकोऱ्या बेरिंगला तिथेच खळग्या पडतात. थाळीत गोट्या पसरून वरून दुसरी थाळी उपडी ठेवा आणि त्यावर हातोडा मारा, काय होईल? अशी बेरिंग गॅरेजातून निघतानाच अर्धी मेलेली असते. ग्राहक मग म्हणतो, माल डुप्लिकेट निघाला. कधी कधी निघतोही. पण माझं मत विचाराल तर खोक्यावरच्या नावापेक्षा बसवणारा हात महत्त्वाचा. एकजीव असेंब्लीत हा दाबण्याचा प्रसंगच येत नाही, कारखान्यात काम उरकलेलं असतं.

दुसरं कारण एबीएस. एप्रिल 2019 पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत ही ब्रेक घसरू न देणारी यंत्रणा सक्तीची झाली. तिला प्रत्येक चाकाचा वेग लागतो, आणि तो मोजायची खूण अनेक गाड्यांत बेरिंगच्या सीलवरच असते. ती एक चुंबकीय पट्टी. दिसायला साधं काळं रबर. सुटी बेरिंग उलटी बसली तर ही पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटून बसतो. चुंबक लावलेला स्क्रूड्रायव्हर तिच्यावर ठेवला तरी खूण बिघडू शकते.

बदलताना नेमकं काय करतात?

माझ्या गाडीचं काम दीड तासात झालं, त्यातला तासभर गंजाशी झटापट. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल केले, पुढच्या चाकांना विटा लावल्या, मग जॅक, आणि जॅकवर न विसंबता खाली घोडा, म्हणजे गाडी पेलून धरणारा लोखंडी स्टँड. हँडब्रेक सोडला, नाहीतर आतले ब्रेक शू ड्रमला धरून बसतात. ड्रम निघाला. मागून चार बोल्ट सुटले आणि इथे गॅरेजच्या पोराने एक छान गोष्ट केली. ब्रेकची मागची पत्राथाळीही त्याच बोल्टांवर असते, ती सुटली की ब्रेकच्या पाइपावर लोंबकळते. त्याने एक जुना बोल्ट लावून ती तात्पुरती टांगून ठेवली. सेन्सरची वायर आधीच काढून बाजूला बांधली होती.

बोल्ट निघाले तरी हब हलेना. आठ पावसाळ्यांच्या गंजाने तो बैठकीला चिकटला होता. गंज सोडवायचं तेल मारून चहा पिऊन आलो, मग बाजूने ठोके देत देत सुटला. इथे हातोडा चालतो, कारण ही बेरिंग तशीही भंगारात जायची. बैठक तारेच्या ब्रशने चकाचक केली. हे काम बरेच जण टाळतात. पण गंजाचा एक पापुद्रा खाली राहिला तरी हब किंचित तिरपा बसतो आणि नवी बेरिंग पहिल्या दिवसापासून वाकड्या भाराने चालते. नवा हब बसला, चारही बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्ह्याने, आवळले, ड्रम आणि चाक चढलं. जुना हब हातात घेऊन फिरवला तर कढईत वाळू हलवल्यासारखं लागलं.

मोठ्या नटच्या गाड्यांत ह्या आवळण्याला फार किंमत आहे. तिथे नट नुसतं हब पडू देत नाही एवढंच करत नाही, बेरिंगच्या कड्या एकमेकींवर किती दाबून बसायच्या तेही ठरवतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा आकडा दीडशे ते अडीचशे न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. म्हणजे मीटरभर लांब पान्ह्याच्या टोकाला पंधरा ते पंचवीस किलोचं पोतं टांगावं एवढा जोर. सैल राहिला तर कड्या फाकतात, बेसुमार आवळला तर गोळ्या भरडतात. मॅन्युअलमधला आकडा घ्यायचा, अंदाज नाही. ह्या नटची कड छिन्नीने स्पिंडलच्या खाचेत दाबून पक्की केलेली असते, म्हणून तो नटही नवाच घालायचा. पन्नासशंभर रुपये वाचवायला जुना पुन्हा वापरतात, तो कंजूषपणा मला तरी समजत नाही.

'ग्रीस भरून नाही का चालणार?'

जुने मेकॅनिक असं म्हणतात आणि ते खोटं बोलत नाहीत, दुसऱ्या काळाबद्दल बोलतात. जुन्या जीपमध्ये, ट्रकमध्ये गोळ्यांऐवजी निमुळत्या रोलरच्या बेरिंगा असत. त्या खोलून धुवायच्या, तळहातावर ग्रीस घेऊन दाबून भरायचं, नट घट्ट करून मग जरा मागे फिरवायचा. ती पद्धत त्या बेरिंगेला बरोबर होती. आजच्या कारची बेरिंग बंद डबी आहे. ग्रीस भरायला सील उचकटावं लागतं, आणि उचकटलेलं सील पुन्हा पाणी अडवत नाही. शिवाय खळगी ग्रीसने बुजत नाही. चार दिवस आवाज दबेल, बस. नट 'जरा मागे' फिरवायची जुनी सवय तर नव्या गाडीत सरळ घातक.

'एक गेली, तर दुसरीही बदलू?'

ब्रेक शू जोडीने बदलतात तसा हिचा नियम नाही. दुसरी बाजू फिरवून पाहा, गप्प असेल तर राहू द्या. मी राहू दिली. अपवाद गाडी पाण्यात बुडालेली असेल तर. व्हील अलाइनमेंटही साधारणपणे लागत नाही, कारण मागच्या आसाचा कोन हबने ठरत नाही. कुणी बिलात जोडली तर कशासाठी ते विचारा.

'अजून किती दिवस रेटता येईल?'

ह्याला दिवसांत किंवा किलोमीटरमध्ये उत्तर देणारा माणूस अंदाज पंचे करतो. क्रम मात्र ठरलेला आहे. आधी फक्त घरघर. मग चाकाला खेळ येतो, म्हणजे ते जागच्या जागी डगमगतं, ब्रेक शू वाकडे झिजतात, कधी एबीएसचा दिवा लागतो. त्यानंतर बेरिंग तापते, ग्रीस जळतं, पिंजरा तुटतो. शेवटच्या टप्प्यात चाक जाम होऊ शकतं किंवा हबसकट निघू शकतं. नुसती घरघर असताना गावातल्या गावात चार दिवस काढून गॅरेजची वेळ घेणं मला वावगं वाटत नाही. खेळ आला असेल तर गाडी उभी करा. आणि घरघरणारी गाडी घेऊन समृद्धीवर चढू नका. तिथे कारला 120 ची मुभा आहे, त्या वेगाला चाक मिनिटाला हजारावर फेरे घेतं, आणि मे महिन्यात विदर्भातला रस्ता खालून तापलेलाच असतो.

'घरी करता येईल का?'

चार बोल्टांचा प्रकार असेल, खाली सपाट सिमेंट असेल, घोडा आणि टॉर्क रेंच असेल, तर हाताने काम करायची सवय असलेल्याला जमतं. मोठ्या नटच्या प्रकारात नट सोडवायलाच लांब दांडा आणि ताकद लागते, गाडी घोड्यावरून हलण्याची भीती असते. सुटी बेरिंग दाबायची असेल तर ड्रम काढून प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे न्यावा आणि दाबताना समोर उभं राहावं. बेरिंग विकत घेताना खोक्यावरचा नंबर जुन्या बेरिंगच्या कडीवर कोरलेल्या नंबराशी ताडून पाहा. बऱ्याच कंपन्यांनी खोक्यावरचा कोड मोबाइलवर तपासायची सोय दिली आहे, तीही दुकानातच वापरा. आणि जुना हब गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. माझा अजून डिक्कीत आहे. पुढच्या वेळी टायरच्या दुकानात कुणी 'टायरच आहे' म्हटलं, तर काढून त्याच्या हातात देणार आहे, म्हणेन, फिरवून बघा.